थापी तिच्या हातात कधी जाणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातली एक मध्यम बांधकाम कंपनी, तीन साइट चालू, मिळून चारशेच्या आसपास मजूर आणि पन्नास-साठ पगारी कर्मचारी. नव्या गुंतवणूकदाराने एक तक्ता भरून मागितला आहे: महिला किती, अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि अल्पसंख्य समाजातली माणसं किती, आणि पुढच्या दोन वर्षांत हे प्रमाण कसं वाढवणार. प्रश्नकर्ते लिहितात, "जाहिरात दिली, कॉलेजांना पत्रं पाठवली. बायका येतच नाहीत. आलेल्या टिकत नाहीत. काय करावं?"

मी १९९७ साली सिव्हिलचा डिप्लोमा करून साइटवर उभी राहिले, ती आजतागायत. ज्युनिअर इंजिनीअर, साइट इन्चार्ज, प्रोजेक्ट मॅनेजर आणि गेली काही वर्षं कंत्राटदारांना मनुष्यबळाबाबत सल्ला, असं काम करत आले आहे. म्हणून आधी तुमचं एक वाक्य दुरुस्त करते. बायका येत नाहीत, हे खरं नाही. उद्या सकाळी साडेआठला तुमच्या कुठल्याही साइटच्या गेटवर जाऊन उभे राहा. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल, हातात डबा आणि कडेवर पोर अशा वीस-पंचवीस बायका आत जाताना दिसतील. नांदेड, जालना, बीडकडच्या असतील, विजापूर-कलबुर्गीकडच्या असतील, वडार असतील, लमाण असतील. तुम्ही ज्यांना शोधताय त्या कधीच्याच आत आल्या आहेत. त्या तुमच्या कागदावर नाहीत, एवढंच.

कागदावर का नाहीत, ते बघायला मुकादमाची हजेरीची वही मागवा. ऑफिसातला रजिस्टर नको, मुकादमाच्या खिशातली, तेलकट डागांची छोटी वही. तिच्यात बऱ्याचदा एका ओळीत नवऱ्याचं नाव आणि पुढे 'जोडी' असं लिहिलेलं सापडेल. जोडी म्हणजे तो आणि ती. रोज दोघांचा, उचल दोघांच्या नावावर, शनिवारची खर्ची मात्र त्याच्या हातात. मी साइट इन्चार्ज असताना एका बाईला विचारलं होतं, "ताई, तुमचा रोज किती?" ती म्हणाली, "ते मालकाला माहीत." मालक म्हणजे नवरा. सोळा वर्षं ती बांधकामावर होती.

तेव्हा तुमची पहिली भरती इथेच आहे. नवी माणसं आणण्याआधी जी आहेत त्यांची नावं लिहा. प्रत्येक बाईचं स्वतंत्र नाव, स्वतंत्र हजेरी, स्वतंत्र ओळखपत्र, स्वतंत्र बँक खातं. हे ऐकायला कारकुनी वाटतं, पण बाकी सगळं यावर उभं आहे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. वहीत नाव नाही तर दाखला कुठून येणार? आणि दाखला नाही तर बाळंतपणाची मदत नाही, मुलांची शिष्यवृत्ती नाही. तुम्ही प्रत्येक प्रकल्पाच्या खर्चावर एक टक्का उपकर भरता. या उपकराचे हजारो कोटी रुपये देशभर न वापरता पडून आहेत, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कडक शब्दांत बोट ठेवलं होतं. पैसा पडून राहण्याचं एक कारण मुकादमाच्या त्या वहीतल्या एका ओळीत आहे.

आता घाई कशाची आहे ते सांगते, कारण घाई खरंच आहे. बायका साइटवर आजवर ज्या कामासाठी लागायच्या ते काम आमच्या डोळ्यांदेखत संपत चाललं आहे. मी लागले तेव्हा स्लॅब म्हणजे साठ-सत्तर माणसांची रांग असायची आणि रांगेत निम्म्याहून जास्त बायका. मिक्सरपासून स्लॅबपर्यंत घमेलं हातोहात वर जायचं. वाळू चाळणं, विटा वाहणं, भिंतीला पाणी मारणं, मलबा उचलणं, सगळं त्यांच्याकडे. आज काँक्रीट प्लांटवरून तयार येतं आणि पंपाने थेट वर जातं. माल टॉवर क्रेन उचलते. वाळूच्या जागी क्रश सँड, विटेच्या जागी एएसी ब्लॉक (हवेच्या पोकळ्यांचा हलका काँक्रीट ठोकळा), प्लास्टरच्या जागी पिशवीतलं तयार मिश्रण. ॲल्युमिनिअमचं शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, वापरला की भिंत आणि स्लॅब एकदमच ओतले जातात. प्रत्येक सुधारणा चांगलीच आहे, माझ्या मणक्याला त्यांचं मोल कळतं. पण प्रत्येक सुधारणेबरोबर डोक्यावरचं ओझं गेलं आणि ओझ्याबरोबर बाईही गेली. वडार समाजाचं असंच झालं. दगड फोडणं, पाया खणणं हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम, ते जेसीबी आणि क्रशरने घेतलं. यंत्राच्या स्टिअरिंगवर वडार पोरगा किती ठिकाणी बसला, ते आपल्या आसपास बघा. म्हणून बिगारी म्हणून बायका किती, ही गिनती वाढवण्यात अर्थ नाही. तिच्या हातात थापी, ओळंबा, पान्हा, होइस्टचं (साइटवरच्या लिफ्टचं) बटण जायला हवं.

वीस वर्षं मिस्त्रीच्या शेजारी उभी राहून बाई मिस्त्री का होत नाही, याचं उत्तर मला जेवणाच्या सुट्टीत मिळालं. दुपारी मिस्त्री सावलीला आडवा होतो. त्याचा हाताखालचा पोरगा त्याची थापी उचलतो आणि चार विटा लावून बघतो. वाकड्या लागतात, पाडतो, परत लावतो. दोन वर्षांत त्याचा हात बसतो. त्याच वेळी बाई लेबर कॅम्पकडे धावत असते, पोराला पाजायला, सकाळची भांडी घासायला. शिकण्याची जी अर्धी-पाऊण तासाची फट पुरुषाला आपसूक मिळते, ती तिला मिळतच नाही. अक्कल, ताकद, आवड हे सगळं नंतर येतं.

ताकदीचंही एकदा बोलून टाकू, कारण तुमचा साइट मॅनेजर तेच पहिलं कारण देईल. ६०० बाय २०० बाय १५० मिलिमीटरचा एएसी ब्लॉक कोरडा असताना दहा-बारा किलोचा असतो. ओल्या काँक्रीटचं भरलेलं घमेलं वीस किलोच्या पुढे जातं आणि ते बाई डोक्यावर घेऊन शिडी चढत होती, दिवसातून शे-दीडशे वेळा. जिला ते झेपलं तिला कमरेच्या उंचीवर ब्लॉक ठेवणं झेपणार नाही, असं म्हणणाऱ्याला साइटवर नेऊन दाखवा.

आम्ही हे कसं केलं, आणि पहिल्या वेळी कसं फसलं, ते सविस्तर सांगते. एका मोठ्या निवासी प्रकल्पावर मी बारा बायकांना गवंडीकाम शिकवायचं ठरवलं. बाहेरून प्रशिक्षक आणला, दीड महिना वर्ग घेतले, शेवटी कार्यक्रम करून प्रमाणपत्रं वाटली, फोटो काढले. चार महिन्यांनी बघितलं तर बारापैकी एकही थापीवर नव्हती. तिघी गावी गेल्या होत्या, बाकीच्या पुन्हा मलबा उचलत होत्या. प्रमाणपत्रं ट्रंकेत होती. मी मुकादमाला जाब विचारला तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, माझं काम ब्रासवर आहे. शिकाऊ बाई लावली तर माझा रोजचा ब्रास कमी भरतो. फरक कोण देणार?" ब्रास म्हणजे बांधकामाचं माप, जेवढे ब्रास भरतील तेवढेच पैसे. तो बरोबर होता. मी बायकांना शिकवलं, पण त्या शिकलेल्या हाताला लागणारी जागा कुठेच ठेवली नव्हती.

दुसऱ्या वेळी आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी काम ठरवलं. एका इमारतीच्या दोन मजल्यांवरच्या आतल्या भिंती कंपनीने मुकादमाच्या मापातून बाहेर काढल्या आणि स्वतःकडे रोजंदारीवर ठेवल्या. त्या भिंती शिकणाऱ्यांच्या. मग स्टोअरच्या मागे एक कोपरा घेतला आणि रोज कामाच्याच वेळेत, सकाळी दहा ते बारा, सराव ठेवला. संध्याकाळी ठेवला असता तर कुणीच आलं नसतं. सरावाच्या दोन तासांचा पूर्ण रोज दिला. चुना-वाळूच्या कच्च्या मालात चार फूट लांब, तीन फूट उंच भिंत बांधायची, ओळंबा लावायचा, गुण्याने कोपरा तपासायचा, मोडायची, ब्लॉक पुसून पुन्हा रचायचे. पहिल्या आठवड्यात भिंती बाहेर झुकायच्या. कारण सापडायला मला तीन दिवस लागले: बायका थापी धरताना मनगट घमेलं धरल्यासारखं ताठ ठेवत होत्या, त्यामुळे माल पुढच्या कडेला जास्त पडायचा. एका म्हाताऱ्या मिस्त्रीने ते ओळखलं. त्याने त्यांना भाकरी थापायला सांगितली, खरीखुरी, हवेत, आणि म्हणाला, "हेच मनगट इथं." त्यानंतर भिंती सरळ आल्या.

तो मिस्त्री शिकवायला तयार झाला त्यालाही कारण होतं. शिकवणाऱ्या मिस्त्रीला आम्ही प्रत्येक तयार झालेल्या बाईमागे ठरावीक रक्कम दिली, अर्धी ती चाचणी पास झाल्यावर आणि अर्धी ती तीन महिने मिस्त्रीच्या रोजावर टिकल्यावर. मिस्त्रीचं दुःख समजून घ्या. तो जिला शिकवतो ती उद्या त्याचीच स्पर्धक होते आणि आज तो एक चांगला मदतनीस गमावतो. फुकटात हे कुणी का करावं?

त्यात आणखी एक गाठ निघाली, जिचा मी विचारच केला नव्हता. मिस्त्रीला हाताखाली बिगारी लागतो. बाई मिस्त्री झाली, तिला माल कोण देणार? एकही पुरुष बिगारी तयार होईना. "बाईच्या हाताखाली घमेलं उचलू?" असं तोंडावर बोलले. भांडण न करता आम्ही बायकांच्याच दोन-दोनच्या जोड्या केल्या. एक दिवस एक थापीवर आणि दुसरी मालावर, दुसऱ्या दिवशी उलट. वर्षभराने दोन पुरुष आपणहून त्यांच्या मालावर आले, कारण त्या मजल्यावर शिव्या कमी होत्या आणि हिशेब वेळेवर होत होता.

एक नियम मात्र दगडावरची रेघ समजा: चाचणी पास झाली त्या दिवसापासून मिस्त्रीचा रोज. 'बाई मिस्त्री' असा तिसरा, मधला दर काढू नका. बिगारी आणि मिस्त्रीच्या रोजात जवळपास दीडपट ते दुपटीचा फरक असतो, आणि सगळा जीव त्या फरकात आहे. समान कामाला समान वेतन हे १९७६ पासून कायद्यात आहे, आताच्या वेतन संहितेतही आहे. सरकारी योजनेत आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन कौशल्याचं प्रमाणपत्र मिळतं, तेही जरूर काढून द्या. पण रोज वाढला नाही तर त्याही प्रमाणपत्राची जागा ट्रंकेतच.

पैसे तिच्या खात्यात जायला लागले की घरात ठिणगी पडू शकते, हे गृहीत धरा. आमच्याकडे एका नवऱ्याने दुसऱ्याच शनिवारी बायकोला कामावरून ओढून नेलं. त्याच्या डोक्यावर मुकादमाची उचल होती, ती जोडीच्या रोजातून फिटत होती, आणि आता अर्धा रोज त्याच्या हाताबाहेर गेला होता. आम्ही मुकादमाबरोबर बसून उचलीचा हिशेब दोघांच्या नावे वेगळा केला, कंपनीने उरलेली रक्कम स्वतःकडे वळती करून घेतली आणि ती हप्त्याने फेडायची सोय केली. ती परत आली. हे काम इंजिनीअरचं नाही असं मला तेव्हा अनेकांनी सांगितलं. मला ते पटलं नाही आणि अजूनही पटत नाही. उचल समजल्याशिवाय बांधकामातली भरती समजत नाही.

या कल्पना काही परक्या नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी औशाला दहावीत होते. नंतरच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कामात सरकारने स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला लोकसहभागाची जबाबदारी दिली आणि गावोगावी बायका 'संवाद सहायक' म्हणून उभ्या राहिल्या. माझ्या मावशीच्या गावात अशीच एक बाई भिंतीचे दोन्ही थर बांधून ठेवणारा जोडदगड बसलाय की नाही, ते मोजपट्टी घेऊन बघायची आणि गवंड्याला काम परत करायला लावायची. मी सिव्हिलला गेले त्यात तिचा वाटा आहे. झारखंडमध्ये स्वच्छ भारत अभियानात शौचालयं बांधायला मिस्त्री मिळेनात तेव्हा गावच्या बायकांना शिकवलं गेलं. हजारो बायका 'रानी मिस्त्री' या नावाने उभ्या राहिल्या. अहमदाबादेत 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने बांधकाम मजूर बायकांसाठी 'कर्मिका' ही शाळाच काढली. सगळीकडे गोष्ट एकच दिसते: काम हातात होतं म्हणून शिकणं टिकलं.

आता 'टिकत नाहीत' या तक्रारीकडे येते. यातली निम्मी तक्रार एका दाराच्या कडीची आहे. वीस मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर काम करणाऱ्या बाईला शौचालयासाठी खाली यायचं तर होइस्टची वाट, चालणं, रांग आणि परत वर, यात अर्धा तास जातो आणि मुकादमाची बोलणी बसतात ती वेगळी. म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, ताप, दोन दिवस खाडा, आणि मग आपण म्हणतो, बायका टिकत नाहीत. दर पाच-सहा मजल्यांवर तात्पुरतं शौचालय, आतून लागणारी कडी, पाणी, दिवा आणि झाकणाची बादली, एवढं करा. आणि ते साफ कोण करणार त्याचं नाव हजेरीत लिहा. ते नाव दर वेळी एकाच जातीच्या माणसाचं येत असेल तर तिथेही थांबून बघा.

हेल्मेट आणि चुंबळ यांचा झगडा कुठल्याच सुरक्षा पुस्तिकेत मला सापडला नाही. डोक्यावर घमेलं घ्यायचं तर चुंबळ लागते, चुंबळ ठेवली की हेल्मेट बसत नाही. सुरक्षा अधिकारी एक तर तिला दंड करतो किंवा तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करतो. दोन्ही वाईट. ओझं डोक्यावर नेणंच बंद करा, हातगाडी द्या, हाच उपाय आहे. उंचीवरच्या कामाचा सेफ्टी बेल्ट मांड्यांभोवती बांधावा लागतो, तो साडीवर नीट बसत नाही. आम्ही बायकांना विचारून जाड कापडाची पँट आणि गुडघ्यापर्यंतचा कुडता शिवून दिला. पहिले आठ दिवस त्या लाजल्या, नंतर बाकीच्या मागायला आल्या. बूट चार-पाच नंबरचे मागवा. पुरवठादार सातपासून सुरू होतो, त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही.

पाळणाघराबद्दल लांबण लावत नाही. १९६९ साली दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू असताना मीरा महादेवन यांनी मजुरांच्या मुलांसाठी तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. मुंबईत मुंबई मोबाइल क्रेशेस आणि पुण्यात तारा मोबाइल क्रेशेस या संस्था हे काम करतात. त्यांच्याशी बोला. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात पन्नासपेक्षा जास्त महिला कामगार असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं, पण प्रत्येक ठेकेदार आपापल्या बायका वेगळ्या मोजायचा आणि कुणाचाच आकडा पन्नास भरत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याच्या संहितेत पन्नासपेक्षा जास्त कामगार असा निकष आहे, बाई-पुरुष असा भेद नाही. तुमच्या प्रत्येक साइटला तो लागू होईल असं धरून चाला. त्याच संहितेत संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षिततेची सोय लागते. स्लॅब रात्रीपर्यंत लांबतोच, तेव्हा संमती आधी लेखी घ्या आणि कॅम्पपर्यंत पोचवणारी गाडी ठेवा.

मुकादमाच्या नजरेबद्दल आणि हाताबद्दल बायका ऑफिसात येऊन सांगणार नाहीत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती लागते, ती तुमच्याकडे असेलच, मुख्य कार्यालयाच्या भिंतीवर इंग्रजी फलकासह. साइटवरच्या बाईला ती समिती आपली आहे हे ठाऊक नसतं. पाळणाघरातली ताई किंवा कॅम्पवर जाणारी आरोग्यसेविका हा त्यांचा खरा दरवाजा असतो. तो दरवाजा समितीशी जोडा.

तुमच्या तक्त्यातला दुसरा भाग, वंचित आणि अल्पसंख्य समाजांचा, जास्त अवघड आहे. कारण मजुरीच्या तळाशी ही माणसं भरपूर आहेत आणि वर जाताना गळत जातात. बांधकामातली भरती नात्यागोत्यातून होते. प्लंबर ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातले, सुतार आणि फरशीवाले राजस्थानचे, सेंटरिंगवाले बंगाल-बिहारचे, हे तुम्हीही अनुभवलं असेल. काका पुतण्याला आणतो, पुतण्या मेव्हण्याला. यात वाईट काही नाही, याच साखळीवर गरीब माणूस परक्या शहरात तगतो. पण ज्याचा काका मिस्त्री नाही, त्याच्यासाठी दार बंदच. मातंग समाजातला पोरगा, पारधी पोरगा, पहिल्यांदा शहरात आलेली आदिवासी जोडी यांना कुठलीच साखळी नसते. म्हणून मुकादमांशी करार करताना एक कलम घाला: हाताखालच्या दर दहा माणसांत दोन शिकाऊ कंपनी देईल, त्यांचा शिकण्याच्या काळातला रोज कंपनी भरेल. मुकादमाचं नुकसान नाही आणि साखळीबाहेरचा माणूस आत येतो. ही दोन माणसं वारज्याच्या किंवा डांगे चौकाच्या मजूर-नाक्यावरून, वस्तीतल्या महिला बचत गटातून, समाजकल्याणच्या वसतिगृहातून शोधा.

आणि चाचणीत नाव लपवा. आम्ही प्रत्येक सरावाच्या भिंतीवर फक्त नंबर लिहायचो आणि तपासायला दुसऱ्या साइटचा इंजिनीअर बोलवायचो. त्याच्या हातात ओळंबा, गुण्या आणि मोजपट्टी, कुणाची भिंत ते त्याला माहीत नाही. पहिल्याच वेळी पहिला नंबर एका लमाण बाईचा आला आणि आमच्याच एका सुपरवायझरने "परत मोजा" म्हटलं. परत मोजली. तीच आली.

इंजिनीअर भरतानाही हीच पद्धत चालवा: अर्जावरचं नाव आणि आडनाव झाकून आधी निवड यादी करा. मी मुलाखतींना बसले आहे, आडनाव वाचल्यावर समोरच्यांचे चेहरे कसे बदलतात ते बघितलं आहे. मुस्लिम इंजिनीअर नेमल्यावर तुमचं काम संपत नाही, कारण साइटजवळ त्याला भाड्याने खोली मिळत नाही. आमच्याकडचा एक हुशार मुलगा तीन आठवडे साइट ऑफिसच्या टेबलावर झोपला आणि कुणाला बोलला नाही. तेव्हापासून मी कंपनीच्या नावाने भाडेकरार करायला लावते. बंगाली बोलणाऱ्या मजुरांच्या बाबतीत तर आणखी सावध राहा. २०२५ च्या उन्हाळ्यात मुंबई परिसरातून मुर्शिदाबादच्या काही भारतीय मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे पाठवलं गेलं आणि मग परत आणावं लागलं. प्रत्येकाला कंपनीचं फोटोसह ओळखपत्र, कागदपत्रांच्या प्रती ऑफिसात, आणि रात्री दोनलाही उचलला जाईल असा एक फोन नंबर, एवढी जबाबदारी तुमची आहे. लेबर कॅम्पमधल्या नळांवर कोण आधी पाणी भरतं आणि कोण थांबून राहतं, तेही एका संध्याकाळी उभं राहून बघा. मी बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी दोन नळ वाढवले.

महिला इंजिनीअर येतात, पण तुम्ही त्यांना बिलिंग, प्लॅनिंग, ड्रॉइंग असं ऑफिसात बसवता. तीन वर्षांनी प्रोजेक्ट मॅनेजर निवडताना म्हणता, साइटचा अनुभव नाही. पहिली दोन वर्षं स्लॅबवर ठेवा, एकटी न ठेवता एका साइटवर दोघी-तिघी ठेवा, आणि लग्नाबद्दल मुलाखतीत विचारू नका. मला विचारलं होतं. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा आठवतो.

शेवटचा मुद्दा टक्क्यांचा. अमेरिकेत १९७८ साली संघराज्य सरकारने आपल्या पैशातल्या बांधकामांवर बायकांसाठी ६.९ टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. ज्या आदेशावर ते उभं होतं तो जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला, आणि त्याआधीच्या चार दशकांत हत्यारं चालवणाऱ्या कामांत बायका तिथवर पोचल्या नव्हत्या. तरी त्यातली मोजण्याची रीत घेण्यासारखी आहे: डोकी न मोजता कामाचे तास मोजायचे, आणि तेही गवंडी, सुतार, वीज, नळ असे कामप्रकारानुसार वेगळे. तुमच्या गुंतवणूकदाराचा तक्ता फक्त डोकी विचारतो. त्यात तुमच्या साठ-सत्तर बिगारी बायका भरल्या तर आकडा छान दिसेल आणि कुणाचंच काही बदलणार नाही. तुम्हीच दोन रकाने वाढवा: कुशल रोजावरचे महिलांचे तास, आणि ज्यांच्या घरात आधी कुणी मिस्त्री नव्हता अशांचे कुशल तास. यंदा पहिल्या रकान्यात बहुधा शून्य येईल. शून्यच लिहा. पुढच्या वर्षी तिथे दोघींचे तास आले, तर त्यांच्या बारा महिन्यांच्या हजेरीच्या आणि बँक पासबुकाच्या प्रती, त्यांना विचारून, तक्त्याला जोडून पाठवा.